वाऱ्याकडे पाठ

आईला फोन करून सांगितलं की चार दिवस सुट्टी टाकून बातानेसला चाललेय, तर तिचा पहिला प्रश्न, "तिकडे काय आहे?" आता काय सांगणार? प्रसिद्ध देऊळ नाही, बाजारपेठ नाही, नातेवाईक तर नाहीतच. मी म्हणलं, वारा आहे. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "तो इथे कमी पडला का गं तुला?"

मुद्दा बिनतोड होता. आमचं घर दिवेआगरला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकलेली, गावचे सगळे फोन बंद, टीव्हीवर एकच झाड पडल्याची क्लिप फिरवून फिरवून दाखवतायत, आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाईलवरून कसंबसं मिनिटभर बोलणं झालं त्यात आई एवढंच म्हणाली की आम्ही बरे आहोत, वाडी झोपली. वाडी झोपली म्हणजे काय ते ज्याने सुपारी लावलीय त्यालाच कळेल. बाबा त्या दुपारच्या गोष्टी आल्यागेल्याला रंगवून सांगतात, कौलं कशी पत्त्यांसारखी गेली, कुणाचा पत्रा कुणाच्या विहिरीत सापडला वगैरे. आई "मी दाराला पाठ लावून बसले होते" एवढंच म्हणते आणि चहा टाकायला उठते.

तर असल्या घरातली मी, २०२३ च्या एप्रिलमध्ये पैसे खर्चून वारा बघायला निघाले होते. कंपनीने मनिलाला पाठवलं होतं सहा महिन्यांसाठी आणि ऑफिसमधल्या प्रत्येक फिलिपिनो माणसाच्या तोंडी बातानेस. गंमत म्हणजे त्यातला एकही जण स्वतः गेलेला नव्हता. तिकीटच एवढं महाग की तेवढ्यात परदेशवारी होते म्हणे. आपल्याकडे अंदमानचं जसं असतं तसंच, सगळ्यांना माहीत, सगळ्यांना जायचंय, आणि जाणार पुढच्या वर्षी.

बातानेस म्हणजे फिलिपिन्सच्या एकदम वरच्या टोकाचा प्रांत. दहाएक बेटं, त्यातल्या फक्त तिनांवर माणसं राहतात, बातान, साबतांग आणि इतबायात. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या प्रांताची लोकसंख्या १८,८३१. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेला याहून जास्त माणसं जमतात. सगळ्यात वरचं मावुलिस बेट आहे तिथून तैवान जवळ आणि स्वतःच्या देशाचं लुझॉन, मनिला आहे ते मोठं बेट, लांब. पावसाळ्यात टीव्हीवर वादळाचा नकाशा दाखवतात ना, पांढरी भोवरी फिलिपिन्सच्या वरून तैवानकडे सरकताना, त्या भोवरीच्या वाटेत हे ठिपके येतात. नकाशा नीट झूम केला नाही तर दिसत पण नाहीत.

विमान पंख्याचं. मनिलापासून पावणेदोन तास. बास्को म्हणजे तिथलं राजधानीचं गाव, त्याची धावपट्टी इराया डोंगराच्या पायथ्याशी आणि ती चक्क चढाची आहे, म्हणजे विमान उतरतं आणि मग डोंगराकडे थोडं चढतं, असं आधी कुणी सांगितलं नव्हतं ते बरंच झालं. दार उघडलं आणि शिडीवर पाऊल ठेवलं तेव्हा माझी ओढणी निघून मागच्या काकांच्या तोंडावर गेली. ते हसून काहीतरी म्हणाले. पुढचे चार दिवस मी ओढणी बॅगेतून काढली नाही.

तिथे सगळ्यांना हाक मारायची पद्धत आपल्यासारखीच, वयाने जरा मोठा पुरुष म्हणजे 'कुया', दादा, आणि बाई म्हणजे 'आते', ताई. मला पहिले दोन दिवस 'आते' ऐकलं की दचकायला व्हायचं, कारण आमच्याकडे आत्याला आते म्हणतात आणि माझी आते जरा कडक होती. माझा रिक्षावाला कुया, त्याची तीनचाकी आणि तिला टप म्हणून चक्क गवताचं छप्पर. टुरिस्टांसाठी असेल म्हणून मी मनात नाक मुरडलं, पण उन्हात अर्धा तास फिरल्यावर मत बदललं. रस्ते अरुंद, एका बाजूला कडा आणि खाली समुद्र, आणि प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवा अशी पाटी. तो प्रत्येक वळणावर वाजवायचा, पलीकडून कुणी येत नसलं तरी. आपल्याकडे उलटं.

पहिल्या दिवशी मी बाकीचे करतात तेच केलं. नायदीचं दीपगृह, हिरव्या टेकड्या, गाई, खाली निळं पाणी, फोटो. ज्या कुरणाचे फोटो सगळे टाकतात त्याला टुरिस्ट लोकांनी मार्लबोरो हिल्स असं सिगरेटच्या जाहिरातीतलं नाव दिलंय. त्याचं खरं नाव राकुह आ पायामान, म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं गायरान. कुणाचीही गुरं तिथे चरू शकतात. गायरान म्हणल्यावर मला एकदम ओळखीचं वाटलं आणि सिगरेटवाल्या नावाचा रागच आला. वालुगानचा किनारा त्याहून आवडला. तिथे वाळू नाहीच, सगळे गोल गुळगुळीत धोंडे, कलिंगडाएवढे, काही पाट्यावरच्या वरवंट्याएवढे. हे इराया ज्वालामुखीने कधीकाळी फेकलेले, नंतर समुद्राने घोटत बसून गोल केलेले. लाट मागे जाते तेव्हा ते एकमेकांवर घासतात आणि असा आवाज येतो की लांब कुठेतरी मालगाडी चाललीय. मी तासभर बसले असेन. कुया रिक्षात झोपला होता.

पण वारा म्हणून जो काही मला समजला तो दुसऱ्या दिवशी, साबतांगला.

साबतांगला जायला इवाना गावच्या धक्क्यावरून बोट. धक्क्यासमोर एक दुकान आहे ज्याचं जरा जास्तच कौतुक होतं: दुकानात दुकानदार नाही, वस्तू घ्या, वहीत लिहा, पेटीत पैसे टाका. १९९५ मध्ये एका निवृत्त शिक्षिकेने सुरू केलेलं. मी कॉफी आणि बिस्किटं घेतली, झाले पन्नासेक पेसो, जवळ शंभराची नोट, सुट्टे द्यायला कोणी नाही. आता आली का पंचाईत. पाच मिनिटं उभी राहून शेवटी अजून बिस्किटं घेतली. प्रामाणिकपणाची परीक्षा वगैरे लोक लिहितात, माझी तरी गणिताची झाली.

बोटीला फालुवा म्हणतात. फिलिपिन्समध्ये बाकी सगळीकडे होड्यांना दोन्ही बाजूंनी बांबूचे हात असतात, आमच्याकडे एका बाजूला उलांडी असते तशा. फालुवाला काहीच नाही. नुसती पोटफुगी, गोल बुडाची लाकडी होडी, कणा पण नाही तिला खाली. मी चढताना विचारलं की उलांडी का नाही, तर नावाडी म्हणाला की इथली लाट ती मोडून टाकेल, मग काय उपयोग. गोल बूड असलं की बोट लाटेशी भांडत नाही, लोळते. आणि खरंच लोळते. अर्धा तास. एका बाजूने पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूने दक्षिण चीन समुद्र, दोघांचं पाणी त्या चिंचोळ्या पट्ट्यात येऊन एकमेकांना ढकलतं. मी दिवेआगरची, समुद्र बघत वाढलेली, हा तोरा मनात घेऊन बसले होते, पंधराव्या मिनिटाला डोळे मिटून रामरक्षा. शेजारच्या आतेच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे होता, तीसच्या तीस अंडी, आणि ती बाई मोबाईलवर सिरियल बघत होती. पलीकडे उतरलो तेव्हा एक अंडं फुटलेलं नव्हतं.

साबतांगमधली साविदुग आणि चावायान ही गावं बघायला लोक येतात ती तिथल्या दगडी घरांसाठी. फोटोत ही घरं परीकथेतल्यासारखी गोंडस दिसतात. जवळ गेल्यावर पहिलं लक्षात येतं की ती बुटकी आहेत, जमिनीला धरून बसल्यासारखी. भिंत हात लावून मोजली, माझा कोपरापर्यंतचा हात आणि वर अजून वीतभर, काही ठिकाणी तर मीटरभर जाड म्हणे. दगड आणि चुना. वर कोगोन गवताचं छप्पर, तेही फूटभर नाही, त्याहून जाड, थरावर थर घट्ट बांधलेलं. वादळ यायचं झालं की त्याच्यावरून दोरांचं जाळं टाकून ताणून बांधतात. छप्पर शाकारायचं तर अख्खा गाव येतो, मजुरी नाही, आज तुझं उद्या माझं, ह्याला यारू म्हणतात. मला ऐकताना 'यार' ऐकू आलं आणि म्हणलं चला, अर्थ फार लांब नाही.

लोक समजतात ही घरं हजारो वर्षांची आहेत, तसं काही नाही. १६८७ मध्ये विल्यम डॅम्पियर नावाचा इंग्रज दर्यावर्दी, खरं म्हणजे चाच्यांच्या जहाजावरचाच, इथे येऊन राहून गेला. त्याने पाहिली ती लहान, बुटकी लाकडी घरं, कड्यांच्या पायऱ्यापायऱ्यांवर, शिडीने चढून जायचं. इथल्या उसाच्या दारूचं त्याच्या लोकांना एवढं प्रेम की त्यांनी बेटांनाच तिचं नाव देऊन टाकलं, बाशी. तैवान आणि बातानेसच्या मधल्या खाडीला आजही बाशी चॅनेल म्हणतात, म्हणजे दारूचं नाव जगाच्या नकाशावर आहे. गावकऱ्यांचे डोंगरमाथ्यावरचे किल्ले होते, त्यांना इजांग म्हणतात, साविदुगजवळ एक अजून उभा दिसतो. १७८३ मध्ये स्पॅनिश राजवटीने बेटं ताब्यात घेतली, लोकांना डोंगरावरून खाली आणून गावांत बसवलं, आणि चुन्याची दगडी घरं त्यानंतरची. राजधानीचं बास्को हे नाव पण तेव्हाच्या गव्हर्नरचंच. म्हणजे जे 'प्राचीन' म्हणून आपण फोटो काढतो ते आपल्या पेशवाईच्या शेवटाशेवटाचं आणि पुढचं. इवानामधलं एक जुनं घर दाखवतात तेही १८८७ चं. मला उलट ह्यात जास्त मजा वाटली. तंत्र बाहेरून आलं आणि लोकांनी ते आपल्या वाऱ्याला लावून घेतलं.

चावायानमध्ये एका घरात आत बसवलं मला. घरची आजी, तिची सून, दोन पोरं. आत अंधार आणि मस्त गारवा, माजघरासारखा. डोळे सरावल्यावर मी बघत होते की तीन भिंतींना खिडक्या आहेत, छोट्या छोट्या, आणि चौथी भिंत नुसती भिंत. फळी नाही, कोनाडा नाही, काही नाही. मला वाटलं मागे दुसरं घर असेल. बाहेर जाऊन बघून आले तर मागे मोकळं, आणि काय सुंदर दृश्य, डोंगर, समुद्र. म्हणलं एवढा व्ह्यू आणि भिंत बुजवून टाकली! हॉटेलवाल्याने इथे काच लावून दुप्पट भाडं घेतलं असतं. सुनेला विचारलं. ती म्हणाली, वादळ तिकडून येतं.

एवढंच. ती कांदे सोलत होती, मान वर करून पण बघितलं नाही.

आपण आठशे रुपयांच्या टॅक्सीने सनसेट पॉइंटला जाणारी माणसं, आपलं डोकं खिडकीकडेच जातं. तिथे मात्र घर बांधताना पहिलं ठरतं ते कुठल्या बाजूला पाठ करायची. एकदा ते बघितलं आणि मग मला सगळीकडे पाठीच दिसायला लागल्या. शेतांच्या कडेने झाडाझुडपांच्या उंच कुंपणांच्या रांगा आहेत, वरून बघितलं तर डोंगरावर हिरव्या चौकटी, त्या वाऱ्याला पाठ देऊन पिकाला आडोसा करतात. पीक पण असं की जमिनीच्या खाली लपणारं, रताळी, कोनफळासारखे कंद, अळू, लसूण. वर डोलणारं काही ठेवायचंच नाही. आणि वाकुल.

वाकुल म्हणजे इथल्या बायकांचं डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, वोयावोय नावाच्या शिंदीसारख्या झाडाच्या पानांचे धागे काढून विणलेलं. लांबून बघितलं तर बाईने केस मोकळे सोडलेत असं वाटतं, पार कंबरेपर्यंत. आजीने माझ्या डोक्यावर ठेवलं आणि सगळे हसले, फोटो काढा म्हणाले, तर मी गप्पच झाले कारण मला वास आला. सुकलेल्या पानाचा. आमच्या पडवीत कोपऱ्यात एक इरलं टांगलेलं असायचं, आजीचं. लावणीला वाकून उभं राहायचं तर छत्री काय कामाची, हात दोन्ही चिखलात, म्हणून इरलं, डोक्यावरून पाठीवर, पाऊस पाठीवर घ्यायचा आणि हात मोकळे. वाकुल पण तेच, शेतात वाकलेल्या बाईसाठी केलेलं, ऊन असो पाऊस असो. मी मोबाईलवर इरल्याचा फोटो शोधून आजीला दाखवला. तिने बराच वेळ बघितला, बोट दाखवून विचारलं की हे विणलंय का बांधलंय. बांबूच्या कामट्या आणि मध्ये पानं, मी हातवारे करून सांगितलं. तिने नाक उडवलं, जड असणार म्हणे. होतंच जड.

जेवायला पिवळा भात आला, सुपास म्हणतात, हळदीचा. त्याबरोबर वुनेस, म्हणजे अळूचे देठ सुकवून ठेवलेले, ते भिजवून केलेली भाजी, आणि उवेद, केळीच्या झाडाचा जमिनीतला कांदा किसून मासा घालून गोळे. ताट म्हणून मोठं पान, नीरफणसाच्या जातीतल्या झाडाचं. समोर हळद, अळू, केळ, फणसाचं पान, आणि मी कुठे आहे हे दोन मिनिटं विसरले. बाहेर बांबूवर मासे सुकत होते, अरायू, ज्याला बाकी जग माहीमाही म्हणतं. मार्च ते मे हाच त्याचा हंगाम. आधी उडणारे मासे पकडायचे, ते आमिष लावून अरायू पकडायचा, एकट्या माणसाने एकट्या होडीतून, आणि मग चिरून सुकवायचा कारण पुढे वादळांचे महिने लागले की होडी काढता येत नाही आणि मालाचं जहाज पण येईल तेव्हा येईल. मी म्हणलं ही तर आगोट. पाऊस लागायच्या आधी सुका बोंबील, मसाला, लाकडं, सगळी बेगमी करून ठेवायची ती आगोट, अजून आई करते, ऑनलाईन किराणा येत असूनसुद्धा. इकडे नैऋत्येच्या वाऱ्याला हाबागात म्हणतात. आपला मान्सून तोच की. आपल्याकडे जूनमध्ये त्याची वाट बघतात, आणि ही माणसं त्याच्या आधी मासे सुकवून घेतात. तसं बघितलं तर आपण पण सुकवतोच, फक्त कवितेत घेत नाही.

इथपर्यंत मी अगदी भारावून गेले होते. परत बास्कोला आल्यावर संध्याकाळी गेस्टहाऊसच्या आतेला ती बिनखिडकीची भिंत कौतुकाने सांगत बसले, किती शहाणपण वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, माझं माहेर इतबायातचं.

२७ जुलै २०१९ ला पहाटे इतबायातला भूकंप झाला, काही तासांनी त्याहून मोठा दुसरा. नऊ माणसं गेली. तीच मीटरभर जाडीची दगडचुन्याची भिंत, जी २०१६ च्या सप्टेंबरात मेरांतीसारखं महाभयंकर वादळ बेटावर आदळलं तेव्हा आडवी आली होती, ती हलली आणि आत झोपलेल्यांवर आली. तिच्या भावाचं घर गेलं, माणसं वाचली. आता त्याने सिमेंटचं बांधलंय, सळया घालून, वर पत्रा. टुरिस्ट येतात आणि विचारतात की दगडी घर का नाही बांधलं, ती म्हणाली, आणि हसली, पण ते हसणं काही मला आवडलं नाही, कारण अर्ध्या तासापूर्वी तो प्रश्न माझ्याच तोंडाशी होता. वाऱ्याकडे पाठ करता येते. जमिनीकडे कशी करणार?

इतबायातला जायचं माझ्या प्लॅनमध्ये होतं. समुद्र खवळलेला म्हणून बोट सुटली नाही, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

परतीच्या दिवशी विमान रद्द. आडवा वारा. एअरलाईनच्या खिडकीवर एक कागद चिकटवला, बास. मी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या जगातली, लगेच फोन, ईमेल, रिफंड, मॅनेजर कोण. शेजारी एक बाई म्हातारीला घेऊन बसली होती, मनिलाच्या हॉस्पिटलची तारीख होती त्यांची, हातात फाईल. तिने कागद वाचला, फाईल पिशवीत घातली, म्हातारीचं स्वेटर नीट केलं आणि घरी निघाली. ह्याला समाधानी वृत्ती वगैरे म्हणायचा मोह मी आवरते. तिच्या चेहऱ्यावर समाधान बिलकुल नव्हतं. लांबवरचं बेट, काय शांतता, असं आपण म्हणतो ना, त्या लांबचं भाडं ही बाई भरते, प्रत्येक तारखेला. निघताना ती म्हणाली, "दिओस मामाहेस," मी आजीची पिशवी उचलून रिक्षापर्यंत दिली म्हणून. देव तुमचं भलं करो असं काहीसं, त्यांचं थँक्यू.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि विमान आलं.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा मागच्या खोलीचं बांधकाम चालू होतं, निसर्गपासून रखडलेलं. मिस्त्री विचारत होता खिडकी कुठे सोडू. बाबांचं ठरलेलं, पश्चिमेला, मोठी, सरकत्या काचेची, समुद्राचं वारं आलं पाहिजे. मी मोबाईल काढून त्यांना चावायानची भिंत दाखवली, सगळं समजावून सांगितलं. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे ठीक आहे गं, पण एप्रिल-मेमध्ये झोपायचं कसं?" मिस्त्री पण म्हणाला ताई, काचेला बाहेरून शटर करून देतो. खिडकी पश्चिमेलाच झाली.

रात्री जेवणं झाल्यावर आई पडवीत पाय पसरून बसली आणि म्हणाली, दाखव बघू ते तुझं वाऱ्याचं गाव. मी एकेक फोटो दाखवत होते, दीपगृह, धोंडे, फालुवा, ती आपली हं हं करत होती. भिंतीचा फोटो आला तसं तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला. दोन बोटांनी मोठा केला. आतला अंधार, जमिनीवरची चटई, आणि ती कोरी भिंत, खालच्या बाजूला जरा काळपट झालेली.

"इथे टेकून बसत असतील," ती म्हणाली.

मग तिने बोटाने पुढे सरकवलं. पुढचा फोटो बकरीचा होता.